"आपलेपणा मोजता येत नाही" म्हणणाऱ्यांसाठी

सध्या एक मेसेज बराच फिरतोय. मेडिकल, नर्सिंग, फिजिओ, फार्मसीच्या मुलांना "तुम्हाला इथे आपलं वाटतं का" असले सर्व्हे भरायला लावणं फालतू आहे, भावना मोजता येत नाहीत, फारच हौस असेल तर वर्षाच्या शेवटी एक प्रश्न विचारा, आणि ज्याला पेशंट सांभाळायचेत त्याची कातडी जाडच हवी. हे पटत नाही, कारण यात नुकसान मुलांचं आहेच पण पेशंटचंही आहे.

भावना मोजता येत नाहीत? मग दुखणं तरी कुठल्या मशीनवर दिसतं? तरी आपण पेशंटला शून्य ते दहामध्ये किती दुखतंय विचारतोच आणि त्यावर उपचार ठरवतो. हॅगर्टी आणि पटुस्की या संशोधकांनी नर्सिंगमध्येच 1995 साली आपलेपणा मोजायची प्रश्नावली छापलीय, म्हणजे हे नवं फॅडही नाही.

एक प्रश्न पुरे, हा मुद्दा सगळ्यात घातक. वर्गात मित्रांसोबत मजेत असलेली मुलगी पोस्टिंगला, म्हणजे वॉर्डात प्रत्यक्ष काम शिकायला जाते आणि तिथे तीन आठवडे कोणी तिचं नावसुद्धा विचारत नाही, राउंडला मागे उभी, प्रश्न विचारला तर "नंतर बघू", मग तिने त्या एका प्रश्नाला कुठलं उत्तर द्यायचं, वर्गातलं का वॉर्डातलं? म्हणून तर नर्सिंगमधल्या संशोधक लेव्हेट-जोन्स यांच्या टीमने फक्त क्लिनिकल पोस्टिंगसाठी आपलेपणा मोजणारी 34 विधानांची वेगळी स्केल केली. आणि सरासरीचं बघा, 100 पैकी 90 जणांनी 5 पैकी 4 दिले आणि 10 जणांनी 1 दिला तर सरासरी येते 3.7, कॉलेज खूश, पण ते दहा जण कोण, कुठल्या वॉर्डातले, हे कोणी बघतच नाही. जे कोर्स सोडून गेले ते तर फॉर्म भरायलाच नसतात. आणि हो, मार्क देणाऱ्याच्याच हातात फॉर्म जाणार असेल तर खरं कोण लिहील?

आता जाड कातडी. लेव्हेट-जोन्स आणि लेथलीन यांनी ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमधल्या नर्सिंगच्या विद्यार्थ्यांशी बोलून 2009 मध्ये छापलं की टीमने आपल्याला स्वीकारावं म्हणून मुलं तिथल्या पद्धतींना आव्हान न देता जुळवून घेतात. म्हणजे कोणी हात न धुता ड्रेसिंगला हात घातला, विद्यार्थ्याला दिसलं, तरी तो गप्प! नुसतं "छान वाटतं का" विचारून हे कळणारच नाही, "चूक दिसली तर इथे बोलता येतं का" हेही विचारायला हवं. मला तर हाच प्रश्न पहिला ठेवावासा वाटतो.

काही जण म्हणतात, मग मुलांना आपलेपणावर एक वर्कशॉप देऊन टाका. अमेरिकेत 22 कॉलेजांमधल्या सुमारे 27,000 विद्यार्थ्यांवर असा छोटा ऑनलाइन उपक्रम करून पाहिला, 2023 मध्ये निकाल छापून आले, आणि फायदा दिसला तो जिथे त्या विद्यार्थ्यांच्या गटाला कॉलेजात खरोखर सामावून घ्यायची जागा होती तिथेच. तेव्हा फॉर्म प्रत्येक पोस्टिंगनंतर, नाव न घेता भरून घ्या, आणि ज्या वॉर्डाचे आकडे सतत खाली येतात तिथल्या सीनियर लोकांशी आधी बोला, मुलांशी नंतर.