आधी इंजिन आणा, नियम काय, मागून येतातच

जुनी एसयूव्ही. चौकोनी तोंड, जाड पत्रा, दार लावलं की तिजोरी बंद केल्यासारखा आवाज. फक्त चढ आला की मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागतात. मूळ इंजिनात दम उरलेला नाही, आणि खरं सांगायचं तर ती नवी होती तेव्हाही फारसा नव्हता. अशा वेळी माणसाला एका रात्री साक्षात्कार होतो: हिच्यात व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं दांडगं इंजिन, बसवू. आणि बसवू तेही रीतसर, धुराच्या तपासणीत पास होईल असं. तुम्हाला तो झाला असेल, तर या वाटेवर मी तुमच्या बराच पुढे येऊन बसलोय. माझं ऐका.

पहिली गोष्ट म्हणजे इंजिन विकत घ्या. आजच. नियम वाचत बसलात तर दुसराच कोणीतरी उचलून नेईल. शक्यतो असं घ्या की जे मूळ गाडीतून आधीच काढून जमिनीवर ठेवलंय. सोबत वायरिंगचं भेंडोळं असेल, त्यातले दोन-तीन कनेक्टर कातरीने कापलेले असतील, उरलेल्यांच्या खिट्या तुटलेल्या असतील. विकणाऱ्याला वर्ष विचारू नका. विचारलंच तर तो आकाशाकडे बघून म्हणेल, "दोन हजार दोन-तीनचं असेल." या 'असेल'वर पुढचा सगळा डोलारा उभा करायचाय, तेव्हा तो शब्द नीट लक्षात ठेवा.

एखादा भित्रा माणूस काय करतो, तेही सांगतो. तो आख्खी अपघातग्रस्त गाडी विकत घेतो. तिचा सतरा आकडी चेसिस नंबर लिहून ठेवतो, कारण अमेरिकी बाजारातल्या गाड्यांत त्यातला दहावा आकडा मॉडेलचं वर्ष सांगतो आणि आठव्यावरून सहसा इंजिन कळतं. बॉनेटखालचं उत्सर्जनाचं स्टिकर तो फोटो काढून जपतो. एकही वायर कापत नाही, प्रत्येकीला चिठ्ठी बांधतो. आणि या सगळ्याच्याही आधी तपासणी करणाऱ्या माणसाला जाऊन भेटतो आणि विचारतो, "असं असं करणार आहे, चालेल का?" यात कसली आलीये मर्दुमकी? लग्न ठरायच्या आधी पत्रिका बघणाऱ्यातला प्रकार.

आता नियम. तुम्ही वाचणार नाही, म्हणून मीच सांगतो. या बाबतीत सगळ्यात खाष्ट सासू म्हणजे कॅलिफोर्निया, म्हणून उदाहरण तिथलंच घेऊ. तिथे पेट्रोलवरची १९७५ किंवा त्याआधीची गाडी धुराच्या तपासणीतून मोकळी. तुमची १९८८ची. अर्थातच. सुटायला जेवढं म्हातारं असावं लागतं तेवढी ती कधीच नसते.

तर नियम म्हणतो की बसवायचं इंजिन गाडीच्याच वर्षाचं किंवा त्यानंतरचं हवं. हे ऐकून तुम्ही खूश व्हाल, कारण तुमचं इंजिन तर चांगलं पंधरा वर्षांनी तरुण आहे. मेख पुढच्या वाक्यात आहे: इंजिन ज्या वर्षाचं, त्या वर्षाची त्याच्यासोबतची उत्सर्जन-नियंत्रणाची सगळी यंत्रणा गाडीत हजर हवी. सगळी म्हणजे धुरातले विषारी वायू निवळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, त्याच्या पुढचे-मागचे ऑक्सिजन सेन्सर, थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा ईजीआर व्हॉल्व्ह असेल तर तो, कॉम्प्युटर, निदानाचं सॉकेट, डॅशबोर्डवर पेटणारा चेक इंजिनचा दिवा, आणि पेट्रोलच्या वाफा शोषणारा कोळशाचा डबा. म्हणजे तुम्ही इंजिन आणलंय असं तुम्हाला वाटतं. नियमाच्या मते तुम्ही नवरी आणलीये, आणि तिच्या मागून तिचं आख्खं माहेर येणार आहे.

वर्ग हा आणखी एक मुद्दा. जड ट्रकसाठी प्रमाणित झालेलं इंजिन हलक्या गाडीत चालत नाही. म्हणून तुम्ही नेमकं तेच घ्या. जनरल मोटर्सच्या एलएस घराण्यात, जे १९९७च्या कॉर्व्हेटपासून सुरू झालं आणि आता जगातल्या निम्म्या गॅरेजांच्या स्वप्नात येतं, ५.३ लिटरचं इंजिन हलक्या पिकअपांत मुबलक मिळतं. पण शेजारीच जड कामाच्या ट्रकमधलं ६.० लिटरचं पडलेलं असतं. दिसायला जुळे भाऊ. मोठा आकडा बघून हात आपोआप तिकडेच जातो. जाऊ द्या.

(हे खूळ फक्त कॅलिफोर्नियाचं आहे असं समजून राज्य बदलायचा विचार असेल तर थांबा. अमेरिकेच्या संघीय पर्यावरण संस्थेचं, म्हणजे ईपीएचं, धोरण १९७४ पासून हेच सांगतंय की बदलानंतरची गाडी तिच्याच किंवा नंतरच्या वर्षाच्या एखाद्या प्रमाणित रचनेशी जुळली पाहिजे. आधी काढणं आणि मग शोधणं हा छंद त्याहून जुना असणार, म्हणूनच तर धोरण लिहावं लागलं.)

बसवण्याचं काम मी झटकन उरकतो, कारण तो भाग खरोखर सोपा आहे. माउंट वेल्ड करा. ऑइल सम्प, म्हणजे इंजिनाखालची तेलाची परात, पुढच्या एक्सलच्या डिफरन्शियलवर आदळेल, दुसरा सम्प शोधा. पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या ट्रान्स्फर केसला अ‍ॅडॅप्टर लागेल, म्हणून प्रॉपशाफ्टची लांबी बदलेल. रेडिएटर पुरणार नाही. जुन्या कार्ब्युरेटरचा पंप पाच-सहा पीएसआय दाब द्यायचा, याला ५८च्या आसपास लागतो, म्हणजे पंप आणि नळ्या नव्या. झालं. या टप्प्यावर इंजिन सुरू होतं, आवाज असा येतो की डोळ्यांत पाणी यावं, आणि तुम्ही सगळ्यांना व्हिडिओ पाठवता. बरेच प्रकल्प इथेच 'पूर्ण' होतात.

कन्व्हर्टरचं काय करायचं? सोयीचं तिथे लावा, मागे, मागच्या एक्सलजवळ भरपूर जागा आहे. त्याला काम सुरू करायला अडीचशे-तीनशे अंश सेल्सियस तापमान लागतं, म्हणून कारखान्याने तो इंजिनाजवळ ठेवलेला असतो. तपासणारासुद्धा मूळ गाडीत तो इंजिनापासून जितका होता तितकाच आहे का, हे बघतो. पण कारखान्यातल्या इंजिनिअरांना तुमच्यासारखा ग्राइंडर कुठे चालवता येत होता?

आता खऱ्या करमणुकीकडे येऊ: कोळशाचा डबा. हाताच्या ओंजळीपेक्षा थोडा मोठा, काळ्या प्लॅस्टिकचा, बघताक्षणी फेकून द्यावासा वाटणारा. टाकीतल्या पेट्रोलच्या वाफा हा शोषून घेतो आणि इंजिन चालू असताना त्यांना जळायला आत पाठवतो. अमेरिकेत १९९६च्या मॉडेलपासून ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष स्वतः ओळखण्याची व्यवस्था, सक्तीचं झालं, आणि तेव्हापासून कॉम्प्युटर या व्यवस्थेची गळती स्वतः तपासतो. पुढच्या काही वर्षांत ही तपासणी इतकी काटेकोर झाली की अर्ध्या मिलिमीटरचं भोकही तिला कळतं. तुमच्या १९८८च्या टाकीचं झाकण उघडून बघा. त्याची रबरी वायसर वाळलेल्या कढीपत्त्यासारखी कुरकुरीत झालेली असेल. अर्धा मिलिमीटर? तिथून मुंगी सहकुटुंब ये-जा करेल.

बरं, ही तपासणी करायला कॉम्प्युटरला टाकीतला दाब मोजणारा सेन्सर लागतो. तो तुमच्या टाकीला नाही. टाकीत पेट्रोल किती हेही त्याला कळावं लागतं, कारण बहुतेक गाड्यांत टाकी साधारण १५ ते ८५ टक्क्यांच्या मध्ये असेल तरच तो चाचणी घेतो. तुमचा जुना तरंगता काटा त्याच्या भाषेत बोलत नाही. मग काय? टाकी बदला. टाकीला जागा नाही. मग चेसिसचा आडवा पट्टा हलवा. नाल सापडली म्हणून घोडा घेतल्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकली होती, तेव्हा हसलो होतो.

इथे तुम्हाला एक हुशार मित्र भेटेल. प्रत्येकाला भेटतो. तो लॅपटॉप घेऊन येईल आणि म्हणेल, "मागचा ऑक्सिजन सेन्सर सॉफ्टवेअरमध्ये बंद करून टाकू, बाष्पाची चाचणीही बंद करू, दिवा कधी पेटणारच नाही." आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, पण बंब तरी लॅपटॉपवर चालतो. त्याला चहा पाजा. फक्त एवढं सांगू नका की कॅलिफोर्नियात २०२१ पासून धुराच्या तपासणीत कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर मूळ उत्पादकाचं किंवा मंजुरी मिळालेलं आहे का, हेही बघतात. बिचाऱ्याचा हिरमोड होईल.

समजा, चमत्काराने सगळं जुळलं. दिवा विझलाय. तपासणी उद्या सकाळी. आदल्या रात्री कॉम्प्युटरमध्ये बिघाडाचा एक जुना कोड दिसतो म्हणून तुम्ही तो पुसून टाका. अगदी खात्रीने पुसा. पुसताक्षणी कॉम्प्युटरच्या सगळ्या आत्मपरीक्षणांचे निकालही पुसले जातात, आणि सकाळी तपासणारा सॉकेटला वायर लावतो तेव्हा त्याला दिसतं: 'तयार नाही, तयार नाही, तयार नाही.' तो मान वर न करता म्हणतो, "चालवून आणा." चालवून म्हणजे कसं? आधी रात्रभर थंड झालेलं इंजिन, मग थोडा वेळ जागेवर, मग एकसारख्या वेगाने लांबवर, मग ब्रेक न लावता वेग कमी. टाकी अर्धी. अशी पहाट उजाडेपर्यंत वाट बघायची आणि कुणीही मध्ये न येणारा रस्ता शोधायचा. मी एका माणसाला ओळखतो जो अकरा सकाळी असा बाहेर पडला. बाराव्या दिवशी त्याने सवयीने टाकी फुल्ल केली.

तपासणीला जाताना कागद नेऊ नका. इंजिनाची पावती, मूळ गाडीचा नंबर, कुठला भाग कशातून आला याची नोंद, हे असलं की तपासणाराचं काम पंधरा मिनिटांत आटोपतं, आणि मग ओळख वाढत नाही. पास झालात तर तो दाराच्या चौकटीवर एक छोटं लेबल चिकटवतो. पुढच्या प्रत्येक तपासणीत तेच बोलतं, तुम्हाला बोलावं लागत नाही. एवढ्याशा कागदासाठी लोक पहिल्या दिवसापासून वही ठेवतात. असतात काही लोक.

आणि कुणी जर म्हणालं, "अरे, मूळ इंजिनच उघडून नीट बांधून घेतलं असतंस तर यातलं काहीच लागलं नसतं," तर त्याच्याशी बोलणं बंद करा. म्हणणं बरोबर आहे, पण त्या कामाचा व्हिडिओ कोण बघणार?

माझं इंजिन स्टँडवर आहे. त्याच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी बांधलीये, वर ताडपत्री, आणि ताडपत्रीवर आता रंगाचे डबे आणि मुलांची सायकल. परवा तपासणीवाल्याला शेवटी फोन केला. माणूस शांत होता. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "इंजिन कुठल्या वर्षाचं?"

मी म्हणालो, "दोन हजार दोन-तीनचं असेल."