‘साखर टोचतात’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

मामांच्या मानेत उजवीकडे गाठ आहे. सुईने पाणी काढून तपासलं, कॅन्सर निघाला. पण मूळ कुठे आहे ते सापडेना. तोंड स्वच्छ, दुर्बिणीतूनही घशात काही दिसलं नाही. डॉक्टरांनी पेट-सीटी, म्हणजे कॅन्सर अंगात कुठे आहे ते शोधणारा स्कॅन, सांगितलं, तारीख मिळाली, आणि आदल्या रात्री मामींच्या भिशीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. सकाळी मामांनी तारीख रद्द केली. मला कळलं अकरा दिवसांनी. मी नऊ वर्षं न्यूक्लिअर मेडिसिन विभागात टेक्निशियन आहे, आणि घरात कुणाला मला एक फोन करावासा वाटला नाही.

मेसेज थोडक्यात असा: पेट स्कॅनला साखर टोचतात, साखर हे कॅन्सरचं खाद्य, त्यामुळे गाठ आठवड्यात दुप्पट होते, किरणं महिनाभर अंगात राहतात, साध्या सीटीत सगळं दिसतं, रिपोर्ट चुकीचे येतात, हा पैसे उकळायचा धंदा आहे.

आधी साखर, कारण मामा त्यालाच घाबरले. जे टोचतो त्याला एफडीजी म्हणतात. ग्लुकोजच्याच घडणीचा रेणू, पण त्यातला एक भाग काढून तिथे किरणोत्सारी फ्लोरिन बसवलेला. कॅन्सरच्या पेशी साखर अधाशासारखी ओढतात, तशी हीही ओढतात. फरक पुढे आहे. पेशीत शिरल्यावर एफडीजीवर पहिली प्रक्रिया होते आणि ती तिथेच अडकते. तिचं पुढे ज्वलन होत नाही, पेशीला तिच्यातून ऊर्जा मिळत नाही. अडकते म्हणून तर चित्रात दिसते! आणि मात्रा किती? मायक्रोग्रॅममध्ये मोजावी इतकी. आपल्या सगळ्या रक्तात मिळून चमचाभर, साधारण ४-५ ग्रॅम ग्लुकोज कायम फिरत असतं. ज्या मामी मामांना सकाळी गोड चहा देतात, त्यांनी या इंजेक्शनला घाबरावं याचं मला फार वाईट वाटलं. उलट स्कॅनच्या दिवशी आम्ही पेशंटला उपाशी ठेवतो, बोटातून साखर तपासतो आणि ती २००च्या वर असली तर बहुतेक वेळा पुढची तारीख देतो. रक्तात साखर जास्त असली की एफडीजी गाठीत कमी जाते आणि चित्र फिकं येतं.

किरणं महिनाभर राहत नाहीत. या फ्लोरिनची ताकद दर ११० मिनिटांनी निम्मी होते. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला आठ हजारांतला एक भागही उरत नाही, शिवाय बरंच लघवीतून जातं. त्या दिवशी लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून थोडं लांब राहायचं, एवढंच. किरणांचा डोस शून्य नाही, हे मान्य. पण मानेत कॅन्सरची गाठ असलेल्या माणसाने त्यासाठी स्कॅन टाळणं म्हणजे घर पेटलेलं असताना पाणीपट्टीची काळजी करणं.

‘साध्या सीटीत सगळं दिसतं’ हे मामांच्या बाबतीत तर साफ खोटं. सीटी आकार दाखवतं. टॉन्सिलच्या घडीत किंवा जिभेच्या मुळाशी दडलेला छोटा कॅन्सर आकाराने वेगळा दिसेलच असं नाही. पेट दाखवतं की कुठल्या पेशी जास्त साखर ओढताहेत. सीटी दाखवतं ती जागा नेमकी कुठली. दोन्ही एकाच टेबलावर, पेशंट न हलवता, एकावर एक बसतात. मूळ सापडलं तर तुकडा तिथूनच घेता येतो आणि पुढे अख्ख्या घशाला किरणांचा शेक द्यावा लागत नाही. म्हणूनच बायोप्सीच्या आधी स्कॅन करायचा असतो, कारण ताजी जखमही उजळते.

टोचल्यावर तासभर पांघरूण घेऊन गप्प पडून राहायला सांगतो, तेही यासाठीच. बोललं तर स्वरयंत्र उजळतं. एक आजोबा त्या तासात सुपारी चघळत होते. चित्रात जबड्याचे दोन्हीकडचे स्नायू लख्ख आले होते.

रिपोर्ट चुकतात, यात थोडं तथ्य आहे. टीबीची गाठ, किडलेली दाढ हेही उजळतं आणि काही मिलिमीटरची गाठ निसटते. म्हणून डाग दिसला की तुकडा तपासतातच. तोंडातल्या सुरुवातीच्या प्रत्येक छाल्याला हा महागडा स्कॅन लागत नाही, हेही खरं. पण ‘धंदा’? २०१६ साली ब्रिटनमधल्या ५६४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मानेत गाठी पसरलेले, केमो आणि शेक घेतलेले रुग्ण. निम्म्यांची मानेची शस्त्रक्रिया आधीच ठरवली होती. निम्म्यांचा १२ आठवड्यांनी पेट-सीटी केला आणि गरज दिसली तरच चाकू लावला. पहिल्या गटात २२१ शस्त्रक्रिया झाल्या, दुसऱ्यात ५४. दोन वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण पहिल्यात ८१.५ टक्के, दुसऱ्यात ८४.९. इतक्या माणसांच्या माना या स्कॅनमुळे कापायच्या वाचल्या.

मामी, मंगळवारी सकाळी नऊची तारीख मिळाली आहे. सहा तास आधीपासून काही खायचं नाही, साधं पाणी चालेल. सुपारीचा डबा घरी ठेवा. मामांच्या डायबिटीसच्या गोळ्यांचं मी डॉक्टरांना विचारून संध्याकाळी फोन करते. आणि तो मेसेज जिथून आला, त्या ग्रुपवर हे पाठवा.