केस सापडला म्हणजे मांजर सापडलं असं नाही

परवापासून तीन ग्रुपांवर तोच फॉरवर्ड फिरतोय, की कॅनडात मांजराच्या एका केसावरून खुनी पकडला, म्हणजे आता कुठल्याही केसावरून नेमकं कुठलं मांजर ते कळतं, डीएनए सारखा तर रंगही सारखा, आणि त्यामुळे मांजराच्या कातडीखाली ओळखीसाठी बसवतात ती मायक्रोचिप म्हणजे निव्वळ पैसे उकळायचा धंदा. कॅनडाचं खरं आहे. बाकीचं सगळं त्याच्या शेपटीला बांधलंय.

आधी तेच बघू. 1994, प्रिन्स एडवर्ड आयलंड, कॅनडातलं एक बेट. एक बाई गायब झाली, मग एक लेदर जॅकेट सापडलं, त्यावर तिचं रक्त आणि पांढरे केस, ते मांजराचे निघाले, आणि ज्याच्यावर संशय होता त्याच्या घरी स्नोबॉल नावाचं पांढरं मांजर. अमेरिकेत स्टीफन ओब्रायन आणि मॅरिलिन मेनोटी-रेमंड यांच्या लॅबने तपासणी केली. आता फॉरवर्डवाल्याने काय गाळलं ते ऐका: केसाला मूळ होतं म्हणून पेशीतला डीएनए मिळाला, जुळवून बघायला स्नोबॉलचं रक्त काढावं लागलं, आणि तेवढ्यावरही भागलं नाही, कारण बेट छोटं, तिथली सगळी मांजरं एकमेकांची चुलत-मावस निघाली तर जुळलं म्हणून काय मोठं, म्हणून बेटावरच्या वीसेक मांजरांचं रक्त पण तपासलं. तेव्हा कुठे योगायोगाने जुळण्याची शक्यता साडेचार कोटीत एक हा आकडा आला आणि 1996 मध्ये त्या संशयिताला शिक्षा झाली. केसावरून केस उभी राहिली म्हणा, पण नुसत्या केसावरून नाही.

आता "कुठलाही केस". काळ्या पँटवर चिकटलेला एखादा उचलून उजेडात धरा, तो आपोआप गळलेला असतो, मुळाशी कामाच्या पेशी फारशा नसतात. मग हाती राहतो मायटोकॉन्ड्रियल डीएनए, म्हणजे पेशीच्या केंद्रकाबाहेरचा छोटासा डीएनए, आणि तो फक्त आईकडून येतो. आमच्या मनीची दोन पिल्लं घरातच आहेत, सोफ्यावरचा केस तिघांपैकी कोणाचा हे ही टेस्ट सांगूच शकत नाही. 2012 मध्ये इंग्लंडमध्ये एका खुनाच्या तपासात टिंकर नावाच्या मांजराचे केस असेच तपासले, लेस्टर युनिव्हर्सिटीने 152 ब्रिटिश मांजरांशी ताडून पाहिलं तर या डीएनएचा तो प्रकार फक्त 3 मांजरांत सापडला. म्हणजे दुर्मिळ, पण एकमेव नाही. बाकीच्या पुराव्याला जोड म्हणून चांगलं, एवढंच.

रंगाचं तर हसूच आलं. 2001 च्या डिसेंबरमध्ये टेक्सासमध्ये जगातलं पहिलं क्लोन मांजर, म्हणजे दुसऱ्या मांजराच्या पेशीतून तोच डीएनए घेऊन बनवलेलं, जन्मलं, नाव सीसी. जिच्यापासून बनवलं ती रेनबो तिरंगी, आणि सीसी पांढरी नि तपकिरी पट्ट्यांची, केशरीचा पत्ताच नाही! केशरी रंगाचा जीन एक्स गुणसूत्रावर असतो, मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स बंद पडतो, आणि क्लोन ज्या पेशीतून केला तिच्यात केशरीवाला बंद होता. डीएनए तोच, अंगावरचा कोट वेगळा.

राहिली चिप. रस्त्यावर सापडलेल्या मांजराचा डीएनए काढला तरी जुळवणार कशाशी, तुमच्या बोक्याचा नमुना आधी कुठे ठेवलाय का? चिपवर रीडर फिरवला की पंधरा आकडी नंबर तिथल्या तिथे दिसतो, फक्त त्या नंबरासमोर तुमचा चालू फोन नंबर नोंदवलेला हवा, तो बदलला असेल तर आजच अपडेट करा.