न जमलेल्या बॉम्बचे पुण्य

मायकेल फ्रेन यांच्या ‘कोपनहेगन’ या १९९८ च्या नाटकाचा विषय निघाला की एक विधान हमखास पुढे केले जाते: जर्मन भौतिकशास्त्रज्ञ वेर्नर हायझेनबर्ग यांना अणुबॉम्ब बनवता येत होता, पण तो हिटलरच्या हाती पडू नये म्हणून त्यांनी काम मुद्दाम रखडवले; विवेक सोडला तो अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी. नाटकात असा निवाडा कोठेही नाही. त्यात हायझेनबर्ग, त्यांचे गुरुस्थानी असलेले डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर आणि बोर यांच्या पत्नी मृत्यूनंतर एकत्र येऊन, हायझेनबर्ग व बोर यांची कोपनहेगनमधील १९४१ ची भेट पुन्हा पुन्हा तपासतात आणि प्रत्येक स्पष्टीकरण अपुरे ठरते.

‘बनवता येत होता’ हा भाग आधी पाहू. युद्ध संपल्यावर दहा जर्मन शास्त्रज्ञांना इंग्लंडमधील फार्म हॉल येथे ठेवून त्यांचे बोलणे त्यांच्या नकळत ध्वनिमुद्रित केले जात होते. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमाची बातमी आली तेव्हा हायझेनबर्ग यांचा तिच्यावर आधी विश्वासच बसला नाही, आणि त्या रात्री त्यांनी बॉम्बसाठी लागणाऱ्या युरेनियम-२३५ चा (म्हणजे बॉम्बच्या इंधनाचा) अंदाज टनाच्या मापात, प्रत्यक्षाहून कितीतरी जास्त सांगितला. नीट गणित मांडून त्यांनी सहकाऱ्यांना समजावले ते आठवडाभराने. उत्तर ठाऊक असून दडवणारा माणूस खासगी बैठकीत असा चाचपडत नाही. याउलट, त्यांचेच एकेकाळचे विद्यार्थी रुडॉल्फ पायर्ल्स यांनी ओटो फ्रिश यांच्यासह मार्च १९४० मध्येच बर्मिंगहॅमला हे गणित केले होते. त्यांचा आकडा फारच कमी निघाला, तरी बॉम्ब शक्य आहे हे त्यातून कळले. ज्यू असल्यामुळे या दोघांना जर्मनीत जागा उरली नव्हती, हे इथे विसरून चालणार नाही.

नैतिक नकाराची कथाही त्याच रात्री जन्मली. तत्त्व म्हणून आम्हालाच बॉम्ब नको होता, असे तिथेच ठेवलेले हायझेनबर्ग यांचे सहकारी फॉन वाइत्सेकर म्हणाले. त्यावर त्याच दहांतले, अणुविखंडनाचा शोध लावणारे ओटो हान यांनी, हे मला पटत नाही, पण आपल्याला यश आले नाही याबद्दल मी कृतज्ञ आहे, असे उत्तर दिले. न जमलेल्या कामाचे पुण्य पदरात पाडून घेण्यास पहिला आक्षेप असा घरातूनच आला होता.

काम रखडवल्याचे म्हणावे, तर अणुभट्टीचे प्रयोग १९४५ च्या वसंतापर्यंत हायगरलोखच्या तळघरात चालूच होते. ती भट्टी स्वतःच्या बळावर चालू राहणाऱ्या साखळी प्रक्रियेपर्यंत पोहोचलीच नाही. अमेरिकेत शिकागोला ते २ डिसेंबर १९४२ रोजीच साधले होते. भट्टीतल्या न्यूट्रॉनांचा वेग कमी करणारा पदार्थ म्हणून, जर्मन भौतिकशास्त्रज्ञ बोटे यांच्या मोजणीनंतर, जर्मनांनी ग्राफाइट बाजूला ठेवून जड पाण्यावर भिस्त ठेवली आणि नॉर्वेतील व्हेमोर्कचा तो पुरवठा घातपात व बॉम्बहल्ल्यांनी तुटला.

हायझेनबर्ग नाझी पक्षाचे सदस्य नव्हते, एस.एस.च्या मुखपत्राने १९३७ मध्ये त्यांना ‘गोरा ज्यू’ (ज्यू नसूनही ज्यूंच्या विचारांचा) ठरवून झोडपले होते, आणि जून १९४२ मध्ये हिटलरचे शस्त्रास्त्रमंत्री श्पेर यांच्यापुढे त्यांनी बॉम्बसाठी हट्ट धरला नाही, हे सारे मान्य. मात्र हट्ट न धरणे म्हणजे नकार देणे नव्हे.

राहिला अमेरिकेतल्यांचा विवेक. जर्मनीकडे बॉम्ब नाही हे कळताच भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ रोटब्लाट १९४४ च्या अखेरीस लॉस अलामोस ही बॉम्ब बनवणारी प्रयोगशाळा सोडून गेले. जून १९४५ मध्ये याच प्रकल्पातले शास्त्रज्ञ जेम्स फ्रांक यांच्या समितीने जपानवर अचानक बॉम्ब टाकण्यास लेखी विरोध केला. आणि जुलैमध्ये, जपानला शरण येण्याची संधी दिल्याविना बॉम्ब वापरू नये, या भौतिकशास्त्रज्ञ झिलार्ड यांच्या अर्जावर सत्तर शास्त्रज्ञांनी सह्या केल्या.