84 गोळ्या एकदम हातात? एका डॉक्टरांच्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार डॉक्टर,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. डॉक्टर-संशोधक सुनील सोलोमन यांच्या मिनमॉन (म्हणजे कमीत कमी देखरेखीतल्या उपचाराच्या) चाचणीवरच्या माझ्या लेखाला तुम्ही ‘बेजबाबदारपणाचं कौतुक’ म्हटलंय. हिपॅटायटिस सीच्या, म्हणजे यकृताला ग्रासणाऱ्या विषाणूच्या, रुग्णाला बारा आठवड्यांच्या 84 गोळ्या एकदम देऊन मध्ये एकही रक्ततपासणी न करणं हा इलाज नव्हे, हा तुमचा पहिला मुद्दा. गरीब देशांतल्या लोकांवर केलेला हा प्रयोग आहे, हा दुसरा. सुईने नशा करणारा त्या गोळ्या विकून मोकळा होईल, हा तिसरा. आणि जाता जाता सोलोमन यांच्या दिवंगत आईंवरून एक टोमणा: ‘यांच्या आई असत्या तर त्यांनी हे होऊ दिलं नसतं.’

दुसरा मुद्दा आधी उरकतो. चाचणीची केंद्रं ब्राझील, दक्षिण आफ्रिका, थायलंड आणि युगांडात होती, तशी अमेरिकेतही होती. गोळी सगळीकडे एकच आणि पद्धतही एकच.

आता पहिला मुद्दा, खरा वाद तिथेच आहे. मधल्या तपासण्या आपण कशासाठी करायचो, हे आठवून बघा. इंटरफेरॉन या जुन्या औषधाच्या काळात दर आठवड्याला इंजेक्शन, जोडीला रिबाविरिनच्या गोळ्या, आणि हे सहा महिने ते वर्षभर. हिमोग्लोबिन धाडकन खाली यायचं, पेशी कमी व्हायच्या, माणूस नैराश्यात जायचा. तेव्हा रक्त तपासलं नसतं तर तो गुन्हाच ठरला असता. मिनमॉनमधलं सोफोसबुविर-वेल्पाटासविर हे औषध तसं नाही. रोज एक गोळी, विषाणूचा जीनोटाइप (उपप्रकार) कुठलाही असो. मधल्या तपासणीचा आकडा बघून डोस बदलावा लागतो, असं सहसा होत नाही. औषध बदललं, तपासणीची सवय मात्र राहिली.

आणि रुग्णाला वाऱ्यावर सोडलं होतं असंही नाही. यकृत निकामी होत आलेले आणि हिपॅटायटिस बीची लागण असलेले रुग्ण मुळात घेतलेच नव्हते. हे महत्त्वाचं आहे, कारण सीचा विषाणू दबला की बीचा उसळू शकतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2016 मध्ये तसा ठळक इशाराही दिला. चौथ्या आठवड्यात चौकशीसाठी संपर्क, बाविसाव्या आठवड्यात शेवटच्या तपासणीची आठवण. 399 जणांनी औषध सुरू केलं, 379 बरे झाले. म्हणजे 95 टक्के. त्यांतल्या दहापैकी चौघांना एचआयव्हीही होता. माझ्यासाठी बातमी ही होती, कारण या दुहेरी लागणीचे रुग्ण ‘किचकट’ म्हणून नेहमी वरच्या दवाखान्याकडे ढकलले जातात.

एका ठिकाणी मात्र तुम्ही मला बरोबर पकडलंत. चाचणीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. याच औषधाच्या आधीच्या एका मोठ्या चाचणीत, कडक देखरेखीखाली, 99 टक्के बरे झाले होते. हा फरक मी लेखात लिहायला हवा होता. तो लिहिला नाही, ही चूक माझी.

पण त्या चार टक्क्यांसमोर मला दुसरा हिशेब दिसतो. धरून चला, तपासणीसाठीच्या दर फेरीला शंभरातले पाचच रुग्ण गळतात. पाच फेऱ्यांनंतर 77 उरतात. माझी एकोणीस वर्षं रक्तपेढीत गेली. अँटिबॉडी रिअॅक्टिव्ह आली, म्हणजे विषाणू कधीतरी शरीरात आल्याची खूण मिळाली, म्हणून दात्याला बोलावायचं, खरा विषाणू आहे का ते बघायला पुढची तपासणी सांगायची, आणि वाट बघायची. रोजंदारीवरचा माणूस दुसऱ्यांदा खाडा करत नाही, डॉक्टर. अशा कितीजणांच्या फाइली तशाच बंद झाल्या, ते मी पाहिलंय.

गोळ्या विकण्याबद्दल म्हणाल, तर विकणारा बरा होणार नाही, तो आकड्यात दिसेलच. त्याहून मोठी काळजी पुन्हा लागण होण्याची आहे. सुई तीच राहिली तर गोळी किती पुरणार? तिथे मी तुमच्या बाजूचा आहे.

राहिल्या सुनील यांच्या आई. सुनीती सोलोमन, माहेरच्या गायतोंडे, चेन्नईतल्या मराठी घरातल्या. 1986 मध्ये भारतातले पहिले एचआयव्हीबाधित त्यांच्या चमूने शोधले. त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी जमवलेले रक्ताचे नमुने तपासणीला नेईपर्यंत आपल्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवले होते. तपासणीसाठी वेल्लोरपर्यंतचा प्रवास रेल्वेने केला. संशोधनाला परवानगी देणाऱ्या आजच्या एखाद्या समितीने हे बघून काय म्हटलं असतं, याची मला गंमत वाटते.

तुलनागटाबद्दलची ओळ लेखात आजच घालतो. तुम्हाला एक विनंती. गेल्या वर्षी तुमच्याकडे अँटिबॉडी पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी व्हायरल लोडचा (रक्तात विषाणू किती आहे याचा) रिपोर्ट घेऊन किती परत आले, ते रजिस्टर काढून मोजाल का? आकडा इथेच लिहा. तो माझ्या विरोधात गेला तरी ठेवीन.