७८ च्या रेकॉर्डला स्पिरिट लावू नका, हात जोडून सांगतोय

'फुकटात रेकॉर्ड प्लेयरचा आवाज दुप्पट करा' हा मेसेज महिनाभर सगळ्या ग्रुपवर फिरतोय. मी दोनदा डिलीट केला, पण परवा सांगलीहून मामांचा फोन आला तेव्हा कळलं की त्यांनी त्यातलं 'रेकॉर्ड स्पिरिटनं पुसा' वाचून आजोबांच्या नाट्यगीताच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) रेकॉर्डवर कापसानं स्पिरिट फिरवलं. कापूस काळाकुट्ट झाला, त्यांना वाटलं मळ निघतोय. अहो मामा, मळ नव्हता तो, रेकॉर्डच निघत होती!

जुनी ७८ ची रेकॉर्ड प्लास्टिकची नसते. लाख, दगडाची भुकटी आणि काजळी यांची असते, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. कुठल्याही जुन्या सुताराला विचारा, तो चपडा, म्हणजे लाखच, स्पिरिटमध्ये भिजत घालून पॉलिश बनवतो. मामांनी व्हिडिओ कॉलवर दाखवली तर तीन बोटं रुंद पांढरट पट्टा, चकाकी गेलेली, सुई तिथं आली की गाणं खाली आणि खरखर वर. हे आता भरून येणार नाही. व्हायनिलच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, एलपी रेकॉर्डवर पातळ केलेलं आयसोप्रोपिल (तेही अल्कोहोलच) वापरतात हे मान्य, पण मेसेजमध्ये एलपी आणि ७८ असा फरक केलायच कुठे? ७८ ला डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ फडकं, खाचांच्या दिशेनं पुसायचं, लेबल भिजू द्यायचं नाही आणि लगेच कोरडं करायचं, बास.

दुसरं ते नाणं. 'सुई उडत असेल तर हेडशेलवर पाचचं नाणं ठेवा, बेस पण वाढतो.' हेडशेल म्हणजे दांड्याच्या टोकाचा, सुई बसते तो भाग. उडायची थांबते, खरंय. पण ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई कार्ट्रिजला (सुई धरणारा भाग, मामांकडे हाच आहे) कंपनीनं सुईवर १.८ ते २.२ ग्रॅम वजन सांगितलंय आणि पाचचं पिवळं नाणं ६ ग्रॅमच्या आसपासचं. म्हणजे सुईवर जवळपास चौपट भार, तो खाच खरवडतो आणि सुईपण घालवतो. सुई उडते ती बहुतेक वेळा धुळीनं, नाहीतर प्लेयर तिरका ठेवलाय म्हणून, नाहीतर काउंटरवेट (दांड्यामागचं, सुईवरचा भार ठरवणारं वजन) चुकलंय म्हणून. सुईचं वजन मोजायचा छोटा डिजिटल काटा आणि साधी पाणसळ आणा, दोन्ही स्वस्तात मिळतात, आणि एवढ्यानंच आवाजात फरक पडतो.

'हिऱ्याची सुई झिजत नाही' हे तर साफ खोटं. हीच कंपनी साध्या गोल टोकाच्या सुईला ५०० तास आणि एलिप्टिकलला, म्हणजे लंबगोल टोकाच्या सुईला, ३०० तास सांगते, रोज तासभर लावली तर एलिप्टिकल वर्षाच्या आत संपली. स्पीकर प्लेयरच्याच टेबलावर ठेवा म्हणे! तसं केलं की स्पीकरची थरथर सुईत शिरते आणि घूं आवाज येतो, वेगळ्या टेबलावर ठेवा.

पैसे घालायचेच असतील तर सुईत घाला. एलपीची बारीक सुई ७८ च्या रुंद खाचेत तळाशी लोळते, निम्मी खरखर तिथलीच. व्हीएम९५ च्या त्याच बॉडीवर ७८ साठीची ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाड सुई बसते, तिला मात्र वजन ५ ग्रॅमच्या आसपास लावायचं.

मामा, रविवारपर्यंत बाकीच्या रेकॉर्डींना हात लावू नका. मी काटा आणि जाड सुई घेऊन येतोय.