प्रोटॉनच्या भानगडीत पडू नका

शाळेत दोन वाक्यं तुम्ही घोकली असतील. समान प्रभार एकमेकांना दूर ढकलतात. आणि अणूच्या केंद्रकात सगळे धनप्रभारित प्रोटॉन दाटीवाटीने बसलेले असतात. माझं ऐकाल तर ही दोन वाक्यं एकाच वेळी डोक्यात येऊ देऊ नका. पुस्तकवाले बिचारे त्यासाठीच विजेचा धडा एकीकडे आणि अणूचा भलतीकडे छापतात. त्या कष्टांची जाण ठेवा.

तरी एखाद्या आगाऊ कार्ट्याने विचारलंच, "मग केंद्रक फुटत कसं नाही?" तर बिनदिक्कत ठोकून द्या, "गुरुत्वाकर्षण!" शब्द भारदस्त आहे. दोन प्रोटॉनांमधलं गुरुत्वाकर्षण त्यांच्यातल्या विद्युत प्रतिकर्षणापुढे एकावर छत्तीस शून्यं इतक्या पटींनी दुबळं आहे खरं, पण शून्यं मोजत बसायला कुणाला वेळ आहे?

आकडेमोड तर चुकूनही करू नका. मी केली आणि पस्तावलो. दोन प्रोटॉन २ फेम्टोमीटरवर ठेवले. (फेम्टोमीटर म्हणजे मिलिमीटरचा एक लाख कोटीवा भाग.) कुलोमचं सूत्र लावलं, उत्तर आलं सुमारे ५८ न्यूटन. म्हणजे जवळपास ६ किलो वजनाचा रेटा! आणि तो सोसायचा कुणी, तर ज्याचं वस्तुमान किलोग्रॅममध्ये लिहायला दशांशचिन्हापुढे आधी २६ शून्यं काढावी लागतात त्या कणाने. दोनदा तपासलं. उत्तर तेच. मग कागदच चुरगळला.

अगदीच गळ्याशी आलं तर केंद्रकातल्या कणांना बांधून ठेवणाऱ्या बलाचं नाव, "प्रबळ बल", एवढंच म्हणा आणि गप्प बसा. नाव ठेवलं की प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. खोलात गेलात तर जपानी भौतिकशास्त्रज्ञ युकावांची गोष्ट सांगावी लागेल. १९३५ साली ते म्हणाले, केंद्रकातले कण आपसात एका कणाची देवाणघेवाण करतात, त्याचं वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या साधारण २०० पट असावं. दोनच वर्षांत वैश्विक किरणांत तेवढ्याच वजनाचा कण हाती लागला. आनंदीआनंद! पुढे कळलं, या म्यूऑन महाशयांचा प्रबळ बलाशी काडीचाही संबंध नाही. युकावांचा खरा कण, म्हणजे पायॉन, सापडला १९४७ मध्ये. तोवर तोतयाचाच मानपान.

शिवाय हे बल वागायलाही विचित्र. दोन-तीन फेम्टोमीटरपलीकडे ओळख दाखवत नाही, आणि फारच अंगाशी गेलात तर उलट ढकलून देतं. माया शेजाऱ्यापुरती. प्रोटॉनांचं वैर मात्र केंद्रकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचतं. म्हणून केंद्रक जसं मोठं, तशी घरात न्यूट्रॉनांची भरती जास्त. ते कुणाला ढकलत नाहीत, बांधून मात्र ठेवतात. शिशाच्या नेहमीच्या एका केंद्रकात ८२ प्रोटॉनांना सांभाळायला १२६ न्यूट्रॉन बसवलेत. आणि हाच समंजस न्यूट्रॉन केंद्रकाबाहेर एकटा पडला की सरासरी पंधरा मिनिटांत खलास.

एक उपयोग तेवढा सांगून ठेवतो. प्रोटॉन ज्यांचा बनतो त्या क्वार्क नावाच्या कणांच्या स्वतःच्या वस्तुमानाचा त्याच्या वस्तुमानातला वाटा जेमतेम एक टक्का. बाकी सगळी आतल्या क्वार्कांच्या आणि त्यांना बांधणाऱ्या ग्लुऑन कणांच्या धुमश्चक्रीची ऊर्जा. तेव्हा वजनकाट्यावर काटा पुढे सरकला तर जिभेला दोष देऊ नका, ग्लुऑनांना द्या. ते बाहेर येऊन खुलासा करणार नाहीत. त्यांना एकट्याने बाहेर पडताच येत नाही.

इतकं ऐकूनही एखाद्या केंद्रकावर डोळे मिटून विश्वास ठेवायचाच असेल, तर बिस्मथ धातूचं बिस्मथ-२०९ घ्या. ते कायमचं स्थिर, असं पुस्तकांनी वर्षानुवर्षं छापलं. २००३ मध्ये तेही किरणोत्सारी निघालं. अर्धायुकाल (निम्मी केंद्रकं फुटायला लागणारा वेळ) सुमारे दोनावर एकोणीस शून्यं इतकी वर्षं, विश्वाच्या आजवरच्या वयाच्या अब्जपटीहून जास्त. त्यामुळे जुनी पुस्तकं रद्दीत घालायची घाई नको.